हिवाळी रानवाटा आणि मराठी भ्रमणवाङ्मय

मराठीतील भ्रमणवाङ्मय हे मुख्यतः चढणाऱ्या माणसाचे वाङ्मय आहे. गड, सुळका, घाटमाथा, कडा, जे जे उंच असेल तेथे आपला लेखक जाऊन पोहोचतो, आणि तेथे पोहोचल्यावरच त्यास वाचा फुटते. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची वाट त्याच्या लेखनात बहुधा दोन वाक्यांत संपते. एक दम लागल्याचे आणि दुसरे घाम पुसल्याचे. ऋतूच्या बाबतीतही त्याची आवड अशीच एकमार्गी आहे. पाऊस हा त्याचा ऋतू. आषाढ-श्रावणावर मराठीत लिहिली गेलेली पाने एका पारड्यात आणि मार्गशीर्ष-पौषावर लिहिलेली दुसऱ्यात घातली, तर तराजूची परीक्षा घ्यावयाचेही कारण पडणार नाही.

वस्तुस्थिती मात्र याच्या अगदी उलट आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत पायी हिंडावयाचा खरा ऋतू म्हणजे दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा. पावसाळ्यात कोयनेकाठच्या रानात जळवा आणि चिखल यांमुळे पाऊल टाकणे कठीण. वासोट्याची वाट तर वनखाते पावसाळ्यात बंदच ठेवते. वैशाखात माणदेशच्या माळावर दहा वाजल्यानंतर सावलीस म्हणून उभे राहावयास झाड सापडत नाही. राहिले ते चार महिने. या चार महिन्यांत हल्ली शेकडो माणसे बामणोलीहून होडीने पलीकडच्या रानात जातात, मायणीच्या तलावावर पक्षी पाहावयास जातात, सागरेश्वराच्या डोंगरात हिंडतात. माणसे हिवाळ्यात चालतात आणि पावसाळ्याविषयी लिहितात, ही विसंगती कोठून आली, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

याचे एक उत्तर आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्यांनी फार दिवस देऊन ठेवले आहे. ते असे की, आपल्याकडे हिवाळा असा नाहीच. थोरोने १८४३ मध्ये हिवाळ्यातील एका पायपिटीवर निबंध लिहिला; त्यात बर्फ आहे, गोठलेले तळे आहे, धुराड्यातून वर जाणारी निळी रेघ आहे. तो निबंध महाविद्यालयात वाचलेला विद्यार्थी कराडच्या संगमावर उभा राहून हिवाळा शोधू लागला, तर तो त्यास दिसावयाचा नाही. मग तो काय करतो? जो दिसत नाही तो उसना आणतो. मराठी लघुनिबंधांत आणि भावगीतांत 'शिशिराची पानगळ' म्हणून जी एक करुणरम्य वस्तू वारंवार भेटते, तिचे माहेर पुष्कळदा सह्याद्रीत नसून परक्या देशातील क्रमिक पुस्तकात असते. पौषात कोयनेच्या रानात जाऊन पाहावे. जांभूळ, अंजनी, आंबा ही झाडे आपली पाने सोडावयास मुळीच तयार नसतात. रान काळपट हिरवे, दाट आणि दुपारीही थंड असते. त्याच पौषात सागरेश्वराच्या डोंगरावरील झाडी मात्र विरळ होऊ लागते, आणि थोड्याच दिवसांत सावरीच्या उघड्या फांद्यांवर लाल फुले येतात. एका कृष्णेच्या खोऱ्यात हिवाळ्याची इतकी भिन्न रूपे असता 'पानगळ' हा एकच शब्द दोहोंस लावून मोकळे होणे, ही निसर्गवर्णनाची रीत म्हणता येत नाही.

परंतु सारा दोष इंग्रजीच्या माथी मारणेही न्याय्य नव्हे. आपली स्वतःची परंपराही हिवाळ्याच्या बाबतीत घराकडेच वळणारी आहे. ऋतुसंहारात हेमंतवर्णन चालू असता कवी अद्याप शिवारात आहे. पिकलेली भातशेते आहेत, क्रौंचांचा आवाज आहे. शिशिर येताच तो आत जातो. बंद खिडक्या, शेकोटी, जाड वस्त्रे आणि प्रियजनांचा सहवास, एवढ्यावर त्याचे शिशिरवर्णन रंगते. मराठी शृंगारकवितेने हिवाळा घेतला तो याच बंद खिडकीतून. चक्रवाकाचीही तीच कथा. रात्री विरहाने आक्रंदणारे हे जोडपे आपल्या काव्यात शतकानुशतके नांदत आहे. पण तोच नारिंगी-तपकिरी पक्षी दर हिवाळ्यात उत्तरेकडून येऊन आपल्या नद्यातलावांच्या काठी चरतो, हे त्या कविता तोंडपाठ असणाऱ्यांपैकी किती जणांस ठाऊक असते? ठाऊक नसणे हा अपराध नाही. मात्र संकेत पुस्तकात आणि पक्षी पाण्यावर, अशी दोघांची ताटातूट झाली की भाषेला हळूहळू पांडुरोग जडतो.

आता ज्यांनी या वाटेवर खरेखुरे काम केले त्यांच्याकडे वळू. गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचे नाव प्रथम घ्यावयास हवे, कारण मराठी मध्यमवर्गास घराबाहेर काढून डोंगरात नेण्याचे श्रेय त्यांच्याइतके दुसऱ्या कोणत्याही लेखकाकडे जात नाही. त्यांच्या दुर्गविषयक लेखनाची ओढ जबरदस्त आहे. पण ती ओढ माथ्याची आहे आणि शिवकालाची आहे; वाटेत भेटणारे झाड तेथे बहुधा इतिहासाच्या मिरवणुकीतील भालदार म्हणून उभे असते. म्हणूनच निसर्गलेखक म्हणून दांडेकर मला त्यांच्या दुर्गवर्णनांपेक्षा 'माचीवरला बुधा' या लहानशा कादंबरीत अधिक मोठे वाटतात. मुंबई सोडून माचीवर एकटा राहावयास आलेल्या त्या म्हाताऱ्यास कोठेही चढावयाचे नाही. तो तेथे असतो, इतकेच. आणि तो नुसता असल्यामुळे झाडे, खारी, ऊन, पाणी ही आपापल्या वेळेने त्याच्याकडे येतात.

दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ने (१९५६) मराठी गद्यास महिना पाहावयास शिकविले. ऋतू ही कविसंकेतांनी सजविलेली खोली नसून तो एक सतत चाललेला व्यवहार आहे, आज अमुक झाडास पालवी, उद्या तमुक झाडास शेंग, हे त्या पुस्तकाइतके स्वच्छ पूर्वी कोणी सांगितले नव्हते. थोरोचे 'वॉल्डन' मराठीत आणणाऱ्याही याच बाई. तेव्हा परक्या ग्रंथाचे ऋण घेऊनही स्वतःचे डोळे कसे राखावे, याचा तो धडाच म्हटला पाहिजे. तथापि, 'ऋतुचक्र' हे पाहणाऱ्याचे पुस्तक आहे, चालणाऱ्याचे नव्हे. त्यात अंतर नाही, थकवा नाही, एका गावातून दुसऱ्या गावात पोहोचावयाची विवंचना नाही. हे उणे म्हणून सांगत नाही. पुस्तकाची जात निराळी, एवढाच अर्थ.

मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी या नात्याने आयुष्य रानात काढले आणि रानातील माणसांच्या तोंडून शब्द गोळा केले. पक्ष्यांची, झाडांची, पाणवठ्यांची जी नावे कोशांत नव्हती ती त्यांच्यामुळे छापील मराठीत आली, आणि २०२५ मध्ये ते गेले तेव्हा आपण एक लेखक गमावला याहून एक शब्दभांडार गमावले असे वाटले. त्यांच्या लेखनात ऐकीव आख्यायिका आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट पुष्कळदा एकाच पंक्तीस जेवावयास बसतात, आणि वाचकाने कोणास किती वाढावे हे लेखक सांगत नाही. हा दोष मला खटकतो. पण पाणथळीच्या काठाने दिवस दिवस हिंडणारा मराठी लेखक पाहावयाचा तर नवेगावबांधच्या त्यांच्या पानांकडेच जावे लागते.

सातारा-सांगलीच्या हिवाळ्यास सर्वांत जवळचे गद्य मात्र माडगूळकरांचे. व्यंकटेश माडगूळकर हे आटपाडी तालुक्यातील माडगुळ्याचे. म्हणजे पाऊस ज्या प्रदेशास फसवितो त्या प्रदेशाचे. त्यांचे वाक्य माणदेशच्या भूमीसारखे आहे. उघडे, कोरडे, लांबवरचे दाखविणारे. 'बनगरवाडी'चा (१९५५) तरुण मास्तर कादंबरीच्या आरंभीच पायी वाट चालत गावाकडे निघतो, आणि आपल्याला त्या गावाची पहिली ओळख होते ती त्या चालण्याच्या वेगाने होते. पुढे 'नागझिरा' लिहिताना हाच मनुष्य विदर्भाच्या रानात जाऊन राहिला. तेथेही त्याने रानास उपदेश केला नाही, की रानाकडून उपदेश घेतला नाही. माडगूळकर चित्रकार होते आणि तरुणपणी शिकारीही करीत. या दोन्ही धंद्यांत ज्यास माग काढता येत नाही त्यास पोट भरता येत नाही. हिवाळ्याचे मर्म या मागात आहे. पावसात उमटलेले पाऊल पाऊसच धुऊन नेतो. उन्हाळ्यात वारा धूळ सारखी करतो. हिवाळ्यात, विशेषतः दहिवराने भिजून सकाळी घट्ट झालेल्या धुळीत, रात्री कोण कोणत्या बाजूस गेले हे ठसठशीत लिहिलेले असते. गव्याचा रुंद खूर, भेकराचा नाजूक, अस्वलाचा माणसासारखा भासणारा तळवा. ही अक्षरे वाचणारा लेखक हवा, आणि ती वाचावयाची तर मान वर करून चालता येत नाही.

या दृष्टीने वासोट्यावरील लेखनाचे उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातील हिवाळी भटकंतीत वासोट्याइतके लोकप्रिय दुसरे ठिकाण क्वचितच असेल, आणि त्याच्यावर मासिकांच्या दिवाळी अंकांत, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि गडांच्या मार्गदर्शक पुस्तकांत जे येते ते वाचून वाचून मला पाठ झाले आहे. होडीचा प्रवास, दाट जंगल, छातीवरचा चढ, माथ्यावरील मारुती, बाबूकड्याची खोली, समोरचा जुना वासोटा. मग इतिहास, पंतप्रतिनिधींच्या पक्षाची ताई तेलीण, १८०६ मधला बापू गोखल्यांचा वेढा, १८१७-१८ मध्ये येथे कैदेत पडलेले हंटर आणि मॉरिसन. यातील बहुतेक मजकूर १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये आहे आणि तेथे तो अधिक नेटका आहे. मधल्या रानास सर्व लेखकांनी एकमुखाने दिलेले विशेषण 'अस्पर्श' हे होय.

हे विशेषण असत्य आहे. होडी ज्या पाण्यावरून जाते तो शिवसागर हा कोयनेच्या धरणाने निर्माण केलेला जलाशय; त्याच्या तळाशी शेते आहेत, गावठाणे आहेत. होडी जेथे लागते त्या जागेचे नावच मेट इंदवली. मेट म्हणजे गडाच्या पहाऱ्यावरील माणसांची वस्ती. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाले, त्याच वर्षी दक्षिणेस चांदोलीचे झाले, २००४ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान बनले, २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला. आणि या एकेका पायरीबरोबर उरलीसुरली माणसेही रानातून खाली उतरविली गेली. ज्या सपाट कुरणांवर आज गवे चरतात त्यांपैकी पुष्कळ कुरणे ही उठलेल्या गावांची नाचणी-वरीची जमीन आहे. हिवाळ्यात गवत वाळून आडवे झाले की बांध दिसतात, जोती दिसतात, आणि रानात एकाएकी ओळीने उभी असलेली आंब्याची झाडे दिसतात. आंबा रानात ओळीने उगवत नाही. पावसाळ्यात हे सारे हिरवळीखाली झाकते. हिवाळा ते दाखवितो. हिवाळ्यात जाऊनही ज्यास ते दिसले नाही त्याने रान 'अस्पर्श' आहे असे लिहावे, हा केवळ शैलीचा दोष नव्हे. ज्यांनी त्या जमिनीस पिढ्यान्‌पिढ्या स्पर्श केला त्यांची नावे त्या एका विशेषणाने दुसऱ्यांदा बुडविली जातात. गाव उठविणे योग्य होते की अयोग्य, हा निराळा वाद आहे आणि त्यात वाघाच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. लेखकाने निदान जोते पाहून जोते म्हणावे.

आणि येथे शब्दांचा प्रश्न येतो. चांदोलीकडून उठलेल्या काही वस्त्या सांगलीच्या सपाटीवर आहेत. त्यांपैकी एका वस्तीतील विद्यार्थिनीने माझ्या सांगण्यावरून आपल्या आजीकडून वाटांची नावे लिहून आणली होती. सडा, दांड, नाळ, पाणंद, पायठा, उतार, पाणवठा; प्रत्येक शब्दाची चाल निराळी, पावलास होणारी जाणीव निराळी. आमच्या भ्रमणलेखकांस या सर्वांकरिता 'पायवाट' हा एक शब्द पुरतो. ज्यांच्याजवळ शब्द आहेत त्यांस लिहावयास कोणी सांगितले नाही, आणि जे लिहितात त्यांच्याजवळ शब्द नाहीत, अशी ही आपल्या निसर्गवाङ्मयाची सध्याची वाटणी आहे.

पाण्याच्या काठी गेले तर ही वाटणी आणखी तीव्र होते. खटाव तालुक्यातील मायणीचा तलाव हा ब्रिटिश अमदानीत बांधलेला. त्याच्या उथळ पाण्यात हिवाळी पाहुणे उतरतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, चोचीने पाणी गाळणारे थापटे, शेपटीच्या टोकावरून नाव पडलेले तलवार बदक, आणि एखाद्या वर्षी रोहित पक्षी. काळ्या अंगाच्या, पांढऱ्या कपाळाच्या आणि थव्याने हिंडणाऱ्या पाणपक्ष्यास आपल्या लोकांनी 'वारकरी' म्हटले आहे. एवढ्या एका शब्दात जे निरीक्षण आणि जो विनोद आहे तो कित्येक लघुनिबंधांत मिळून नाही. २०२१ मध्ये सरकारने या परिसरास पक्ष्यांकरिता राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. तरीही मायणीवर मराठीत जे येते ते मुख्यतः रोहित आले की नाही आले, या बातमीच्या स्वरूपाचे. रोहित आले तर पान भरून वर्णन. न आले तर हळहळ. जणू बाकीचा तलाव हा त्यांच्या वाट पाहण्याची धर्मशाळा आहे. कासच्या पठाराचेही हेच झाले आहे. भाद्रपदात तेथील फुलांवर स्तुतीचा पूर येतो. मार्गशीर्षात तेच पठार वाळक्या गवताचा रंग घेऊन, काळ्या कातळासह, कोसभर उघडे पडलेले असते आणि त्याच्याकडे पाहावयास लेखक तर नाहीच, गुराख्यावाचून कोणीही नसते.

'पाणथळ' या शब्दाविषयी येथे थोडे अधिक बोलणे भाग आहे. पक्ष्यांवर लिहिणाऱ्यांनी हा शब्द अलीकडे फार प्रेमाने वापरावयास आरंभ केला आहे, आणि शब्द सुरेख आहे यात शंका नाही. पण सांगली, मिरज, वाळवे, पलूस या भागात मळीच्या काळ्या रानात उभे राहून तो उच्चारला, तर शेतकऱ्याच्या मुद्रेवर प्रेम उमटणार नाही. उसास पाणी देऊन देऊन कृष्णाकाठची हजारो एकर जमीन क्षारपड आणि पाणथळ झाली. तिला तो चिबड म्हणतो. वर पांढरे मीठ फुटलेले, खाली पाय रुतणारे, आणि कडेने पाणकणीस माजलेले ते रान हिवाळ्यातील सकाळी धुक्यात पाहिले तर खरोखर मोहक दिसते. तेथे शराटी चरतात, तुतवार चिखलात शेपूट हलवीत हिंडतात, पाणकणसात पाणकोंबडी ओरडते. पक्षीप्रेमी माणूस टिपण करतो, की नवे पाणथळ सापडले. बांधावरचा माणूस म्हणतो, की रान गेले. दोघेही एकाच जागी उभे आहेत आणि दोघांचा शब्दही एकच आहे. या एका शब्दावर, त्याच्या या दोन अर्थांच्या मधोमध उभे राहून लिहिलेला निबंध मराठीत असावयास हवा होता. माझ्या वाचनात तरी तो अद्याप आलेला नाही. काका कालेलकर १८८५ मध्ये साताऱ्यास जन्मले आणि त्यांनी नद्यांस 'लोकमाता' म्हणून त्यांच्यावर भक्तीने लिहिले. त्यांच्या भक्तीविषयी मला आदर आहे. पण नदीचे पाणी कालव्याने आणि उपशाने शेतात जाऊन तेथेच मुरून बसते आणि जमीन नासविते, तेव्हा भक्तीच्या भाषेची धाव संपते.

दर संक्रांतीस कृष्णेच्या काठी औदुंबर येथे साहित्यसंमेलन भरते. कवी सुधांशूंच्या गावी चालत आलेला हा परिपाठ महाराष्ट्रात एकमेव म्हणावा असा आहे. मांडव नाही तर झाडांची सावली, समोर नदी, आणि ऐन पौषातील ऊन. आसपासच्या गावांतून माणसे तेथे जातात, भाषणे ऐकतात, कविता ऐकतात. व्यासपीठावर नदीचा उल्लेख झाल्यावाचून राहत नाही. मात्र तो बहुधा 'संथ वाहणारी कृष्णामाई' एवढ्यावर थांबतो, आणि श्रोत्यांच्या पाठीमागे चिखलात तुरुतुरु धावणारा धोबी पक्षी, जो त्याच हिवाळ्यापुरता तेथे आलेला असतो, तो भाषणात शिरत नाही.

सागरेश्वरासंबंधी लिहून हे टिपण पुरे करतो. सागरेश्वराचे अभयारण्य सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे. १९८५ मध्ये ते जाहीर झाले. येथील डोंगर पूर्वी उघडा होता. धोंडीराम महादेव मोहिते या गृहस्थाने ध्यास घेऊन तेथे झाडे लावण्याचे काम उभे केले, पुढे हरणे आणून सोडण्यात आली, आणि आज हिवाळ्यात तेथे हिंडणारा मनुष्य लावलेल्या रानातून हिंडतो. म्हणजे वासोट्याचे रान माणूस काढून झालेले, आणि सागरेश्वराचे माणसाने लावून झालेले. शेजारच्या देवराष्ट्रे गावी १९१३ मध्ये यशवंतराव चव्हाण जन्मले, आणि 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या बाळपणाचा हा परिसर, सागरेश्वर आणि सोनहिरा ओढा यांच्यासह, आठविला आहे. राजकारणी पुरुषाचे आत्मचरित्र म्हणून ते पुस्तक वाचले जाते. पण त्याच्या आरंभीच्या पानांत भूमीकडे पाहणारी एक साधी, अलंकाररहित दृष्टी आहे आणि ती पुष्कळ व्यवसायी निसर्गलेखकांस हेवा वाटावा अशी आहे. ती पाने हाती घेऊन पौषातील एका सकाळी देवराष्ट्र्याहून देवळांकडे आणि तेथून वर डोंगरावर चालत जावे. कुंपण लागते तेथपर्यंत उसाची आणि शाळवाची शेते आहेत, गुऱ्हाळाचा वास आहे. कुंपणाच्या आत काही अंतरापर्यंत झाडे अद्याप लावलेल्या ओळींतच उभी आहेत. पुढे केव्हातरी त्या ओळी मोडतात, झाडांची बी झाडांनीच टाकलेली दिसू लागते, आणि वाटेवरील धुळीत चितळांची पावले सुरू होतात.